दादाने वाचून दाखवलेली कॉमिक्स

बाबांची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून चंदीगडला आलो, तेव्हा मी पाचवीत होते. माझं इंग्रजी दिव्य होतं. त्यामुळे दादा सेक्टर बावीसच्या बाजारातून कॉमिक्सची जुनी, जाडजूड पुस्तकं आणायचा आणि मला मराठीत वाचून दाखवायचा. अंतराळयानांच्या सिनेमात जे सांगायचं राहून गेलेलं असायचं, ते सगळं त्या पुस्तकांत असायचं. एकेका पुस्तकात आठ-दहा गोष्टी.

अशाच एका सिनेमात यानाची मेकॅनिक बाई सगळ्यांना बाहेर काढते आणि स्वतः आत अडकून मरते. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी दादा पुस्तक घेऊन आला. "ऐक, ती मरतच नाही," म्हणाला आणि चार पानं वाचून दाखवली. चित्रात ती खरंच चालत होती. मी पोटभर जेवले.

गेल्या महिन्यात इथल्याच, चंदीगडच्या आयटी पार्कमधल्या आमच्या ऑफिसात एकाने तेच पुस्तक आणलं. जेवणाच्या सुट्टीत मी लगेच शहाणपणा पाजळला, "वो तो बच जाती है!"

"कहाँ यार?" म्हणत त्याने ते पान उघडलं. ती चालत होती, पण मैत्रिणीच्या आठवणीत. वरच्या चौकटीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. सगळे खो खो हसले. मला काही हसू आलं नाही.

संध्याकाळी पुण्याला दादाला फोन लावला. तोही हसला. "अगं वेडे, तू जेवत नव्हतीस. काय करणार?"

विषय तिथे संपायला हवा होता, पण माझं डोकं फिरलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असताना बाबा दादाकडे होते, दवाखान्यात. रिपोर्ट त्यानेच फोनवर वाचून दाखवला होता. सगळं नॉर्मल आहे, पेपर संपवून ये. बाबांना फोन दे म्हटलं की झोपलेत म्हणायचा. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी बाबा गेले. चुकीचा रिपोर्ट दिला म्हणून मी आजवर त्या डॉक्टरांना शिव्या घालत आले होते.

"रिपोर्टमध्ये काय होतं, दादा?"

तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी तुला लगेच बोलवून घ्यायला सांगितलं होतं. पण तुझं वर्ष गेलं असतं गं."

"आणि बाबा? ते विचारत होते?"

"रोज."

मी फोन ठेवला. तेव्हापासून त्याचे फोन येतात, मी उचलत नाही. बाबा तिकडे रोज माझी वाट बघत होते आणि मी इथे, सगळं नॉर्मल आहे म्हणून, निवांत अभ्यास करत होते.