विमानाच्या शेपटातून तीन टकटक

आधीच सांगते, वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आजवर वाचत आले ती करमणूक म्हणून. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नवस नाही, उतारा नाही, अंगारा नाही. मी स्वतः शीट मेटलची कारागीर. पत्रा, ड्रिल आणि मोजपट्टी... जे मापात बसत नाही त्यावर माझा विश्वास नाही. म्हणूनच हे लिहायला जरा अवघड जातंय.

आमचं शेड नगरच्या एमआयडीसीत आहे. चार वर्षांपूर्वी मुळा धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. तेव्हा राहुरीच्या बाजूला गाळ काढताना जेसीबीच्या दातांना एक विमान लागलं. दुसऱ्या महायुद्धातलं, एका सीटचं लढाऊ विमान... स्पिटफायर. तिथली म्हातारी माणसं सांगतात, धरण नव्हतं तेव्हाची गोष्ट. विमान नदीकाठी कोसळलं, पण गोरा पायलट हवाई छत्रीने उतरला, कुणाच्या तरी ओट्यावर बसून भाकरी खाल्ली आणि बैलगाडीतून नगरला गेला. म्हणजे त्या विमानात कुणी मेलेलं नाही. हे लक्षात असू द्या.

पुण्याच्या एका हौशी माणसाने रीतसर परवानग्या काढून ते आमच्याकडे दुरुस्तीला दिलं. कामावर आम्ही तिघं. प्रमुख नाना, वय अठ्ठ्याहत्तर, हवाई दलात विमानांचे सांगाडे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. दुसरे सर्जेराव, राहुरीकडचे, पूर्वी बसच्या बॉड्या बांधायचे, अंगाने काडी. आणि तिसरी मी.

रिव्हेटचं, म्हणजे पत्रा सांगाड्याला जोडणाऱ्या खिळ्यांचं, काम दोघांचं असतं. बाहेरून मी रिव्हेट गन चालवायची आणि आतून सर्जेरावांनी डॉली, म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा, रिव्हेटच्या टोकाला दाबून धरायची. तेव्हाच ते टोक चेपून आतलं डोकं तयार होतं. आत कुणी नसेल तर रिव्हेट नुसतं थरथरतं, पत्र्याला पोचा येतो, पण डोकं काही बनत नाही. आवाजामुळे माझ्या कानावर मफ असायचे, म्हणून आमची खूण ठरलेली. आतून एक टकटक म्हणजे झालं, पुढचं घ्या. दोन म्हणजे अजून मारा. ती कानाला नाही, पत्र्यावर टेकवलेल्या डाव्या तळहाताला कळते.

यंदाचा मे महिना होता. विमान जोडून उभं होतं, शेपटाजवळचा उजव्या बाजूचा एकच पत्रा राहिला होता. आठ दिवसांनी इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. धरणाकडच्या लोकांना बोलावणीही गेली होती.

दुपारी तीनच्या सुमाराला मी गन उचलली. सर्जेराव डाव्या बाजूच्या छोट्या दारातून शेपटात शिरताना मी पाहिले होते; आत असले की ते मला दिसत नाहीत. पहिलं रिव्हेट मारलं – एक टकटक. दुसरं – एक. पाचव्याला दोन आल्या, थोडं अजून मारलं, मग एक. अशी अकरा झाली. खरं सांगते, इतकं छान लयीत काम आमचं कधीच झालं नव्हतं. मी मनात म्हटलंसुद्धा, आज सर्जेरावांचा हात चांगला बसलाय!

बाराव्याला तीन टकटक आल्या.

तीन? तीनची खूण आमच्यात नव्हतीच. मी मफ काढून ओरडले, "काय झालं सर्जेराव? तोंडाने बोला की!"

तळहाताखाली पुन्हा तीन. सावकाश, स्पष्ट.

मी वैतागून पलीकडे गेले, दारातून आत वाकले. दिवा चालू होता. गोणपाट अंथरलेलं, त्यावर डॉली. आत कुणी नव्हतं. डॉली उचलली तर कोमट लागली... पण मे महिन्यात नगरला कुठलं लोखंड कोमट नसतं?

तेवढ्यात सर्जेराव गेटकडून घाम पुसत आले. "ताई, सुरू केलं का काय तुमी? आवो मी टेम्पो खाली करायला गेल्तो! हात हालवून सांगितलं की."

"कधी?"

"अर्धा तास झाला आसंल. वॉचमनला इचारा."

विचारलं. वॉचमन म्हणाला, खरं आहे, दोघांनी मिळून टायर उतरवले.

सर्जेराव आत शिरले आणि एकेक रिव्हेट चाचपत गेले. मग आतूनच आवाज आला, "ताई, अकरा हायेत. एकसारखी, गोल. ह्ये माझं काम न्हाई. मी येवढं सरळ कवा मारलंय?"

नाना आले. मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"किती टकटक म्हणालीस?"

"तीन. दोनदा."

"तीनचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"आम्हाला शिकवायचे," नाना म्हणाले. "एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे अजून, तीन म्हणजे बिघडलं, काढून टाक. तुम्हाला मी दोनच शिकवल्या. बिघडलं की सर्जेराव ओरडतोच, म्हटलं तिसरी कशाला." चष्मा परत लावत म्हणाले, "काढ ते बारावं."

मी ड्रिलने काढलं. आधीची अकरा नव्या पट्टीवर होती, जुन्या फ्रेमवर बसणारं हे पहिलंच. भोकाच्या कडेपासून आतल्या सांगाड्याच्या त्या फ्रेमवर केसाएवढी रेघ गेली होती. रंग खरवडला तर ती वीतभर निघाली. आणि फ्रेम कुठली? इंजिन पूर्ण जोरात चालवताना विमान पुढे उसळू नये म्हणून शेपूट जमिनीला दोराने बांधतात... तो दोर जिथे अडकतो, तीच. ती तुटली असती तर फिरत्या पंख्यासकट विमान समोर उभ्या माणसांवर गेलं असतं. मी रेघेच्या दोन्ही टोकांना खडूने खूण केली. सर्जेरावांनी पाणी आणून दिलं.

फ्रेम बदलायला तीन आठवडे गेले. जूनमध्ये एका सकाळी शेजारच्या मोकळ्या मैदानात इंजिन सुरू केलं. आधी खोकलं, काळा धूर सोडला आणि मग असं काही गरजलं की छातीत घुमायला लागलं! दोर ताणला, शेपूट जागचं हललं नाही. धरणाकडची एक आजी कानावर हात ठेवून लहान पोरीसारखी हसत होती. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली – चार वर्षांतली पहिली. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी मुलीने हलवून उठवलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पायलट म्हणावा तर तो सुखरूप उतरला होता. टकटक ही माझी कल्पनाच म्हणावी, तर कल्पनेने रिव्हेट चेपत नाही.

फ्रेम बदलताना नानांनी विचारलं होतं, "ती अकरा काढून पुन्हा मारायची का?" मी आत वाकून प्रत्येकावर गेज लावून पाहिलं.

"राहू द्या नाना," म्हटलं. "मापात आहेत."