तीन पुठ्ठ्यांतली वानरं

वाचनालय चालवणाऱ्याचं एक असतं. लोक पुस्तक परत करतात, पण किस्सा मागं ठेवून जातात. पुस्तकांना कसर लागते, किस्से मात्र वाढतच राहतात. निजामाच्या राज्यात जालन्याच्या मस्तगडातल्या आमच्या वाचनालयात दोन कपाटं, एक टेबल, एक खुर्ची आणि एक सतरंजी एवढाच संसार होता. पण एकट्या एका कादंबरीनं जेवढे किस्से दिले, तेवढे दोन्ही कपाटांनी मिळून दिले नाहीत!

ती कादंबरी होती शहाण्या वानरांची. आमचे एक सभासद पुण्याहून येताना वळकटीत गुंडाळून घेऊन आले होते. गोष्ट अशी, की माणसं एका वानराला पकडून बोलायला शिकवतात. तो पळून जंगलात जातो आणि तिथं वानरांची शाळा काढतो. शेवटी ती शिकलेली वानरं एका माणसाला धरतात आणि त्याला अक्कल आहे की नाही, याचा न्याय करायला बसतात.

पुस्तक एक आणि वाचणारे चाळीस! जो तो माझ्या नावानं शंख करू लागला. शेवटी मी ते घेऊन शेजारच्या करीमभाई बाइंडरांकडं गेलो आणि म्हटलं, "याचे तीन तुकडे करा."

करीमभाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. "मास्तर, पुरानी किताबां जोडनेकू लाते सब. नई किताब काटनेकू लानेवाले तुमीच पहले!"

तीन भाग झाले. लाल, निळा आणि हिरवा पुठ्ठा. प्रत्येकाच्या मागं करीमभाईंनी कोरी पानं लावली, कारण माझा नियम होता : भाग परत करताना मागं आपलं मत लिहायचं, खाली नाव घालायचं. मत नाही तर पुढचा भाग नाही. मोठ्या ऐटीत मी हा नियम केला. फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. लाल बाहेर असला की लोक हिरवा नेत, हिरवा नसला की निळा. त्यामुळं ती कादंबरी जालन्यात धड पहिल्यापासून कुणी वाचलीच नाही!

*

पहिला दणका गोविंदबुवांचा. बुवा मारुतीच्या देवळात कीर्तन करत. त्यांना आधी लाल भाग मिळाला, ज्यात माणसं वानराला साखळी घालतात. दुसऱ्याच दिवशी बुवा तणतणत आले.

"मारुतीरायाच्या कुळाला साखळी? जाळा हे पुस्तक!"

मी म्हटलं, "बुवा, मत लिहा आणि हा हिरवा न्या. मग जाळू."

तीन दिवसांनी बुवा आले ते हसतच. "आता कसं! माणूस पिंजऱ्यात आणि वानरं न्यायासनावर! लेखक मोठा भाविक दिसतो." हिरव्याच्या मागं त्यांनी लिहिलं, 'भक्तिरसपूर्ण ग्रंथ.' एवढ्यावर थांबते तर बुवा कसले! त्या शनिवारी कीर्तनात त्यांनी वानरांचा तो न्यायनिवाडा रंगवून रंगवून सांगितला. एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "बुवा, हे कोणत्या पुराणात?"

"हिरव्या पुठ्ठ्याच्या!" बुवा म्हणाले आणि अभंगाला लागले.

*

निळा भाग एकदा मी घरी नेला. टेबलावर ठेवून शाळेत शिकवायला गेलो. वाचनालयात परत आणून पाहतो तर मागच्या पानावर माझ्या आधीच मत हजर! अक्षर मोत्यासारखं, नाव मात्र नाही.

'वानरांच्या शाळेत एकही वानरी नाही. सगळ्या जंगलात नाही. मग ही वानरं आली कुठून?'

वाचनालयात चर्चेला ऊत आला. कुणी म्हणे, हा टीकाकार औरंगाबादेचा. कुणी म्हणे, छे, थेट हैद्राबादेचा. अक्षर मी ओळखलं होतं. संध्याकाळी घरी जेवताना आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, सहज म्हटलं, "त्या मताखाली नाव हवं होतं. नियम आहे."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सभासद तुम्ही. माझं नाव तुमच्या वहीत कुठं हाये?"

दुसऱ्या दिवशी वहीत नाव घातलं. मुकाट्यानं!

*

हसनाबादचे दगडूबा पाटील बाजाराला आले की वाचनालयात टेकत. स्वतःला वाचता येत नव्हतं, सून वाचून दाखवी. त्यांनी हिरवा नेला, परत आणला आणि मला मत सांगितलं, "लिवा, मास्तर. वानरं न्याय करत न्हाईत. वानरं थेट हरभऱ्यात घुसतात. ह्या लेखकाला शेतीतलं काई ठावं न्हाई." खाली ठसठशीत अंगठा दिला.

पंधरा दिवसांनी पाटील पुन्हा आले, चेहरा पडलेला.

"काय झालं, पाटील?"

"अवो, टोळी आल्ती हरभऱ्यात. मी गोफण उचलली. तर एक म्हातारा हुप्प्या बांधावर बसून माझ्याकडं असा पाहून राह्यला, जसा काई न्यायच करून राह्यला माझा! हातच फिरंना माझा."

"मग?"

"मंग काय! अर्धा हरभरा गेल्ता तवर. वानरांनी न्हाई, मास्तर, तुमच्या पुस्तकानं खाल्ला माझा हरभरा!" आणि इकडंतिकडं पाहत म्हणाले, "निळा हाय का आत?"

मला मोठं नवल वाटे. पुस्तक तेच, वानरं तीच, आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन वेगळंच काही करून येत होती.

*

करीमभाईंना मराठी वाचता येत नव्हतं. पण आपण कापलेल्या पुस्तकात आहे तरी काय, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ते थोडं थोडं विचारत. लाल कळला, निळा कळला. हिरव्याचा शेवट मात्र दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितला. बुवा म्हणाले वानरं जिंकली, पाटील म्हणाले सगळे हरले. करीमभाई कातावले. "मास्तर, तुमीच पढ के सुनाव मेरेकू. कल."

तो कल आलाच नाही. त्याआधी पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, आले.

त्या दिवसांत वाचनालय म्हटलं की पुस्तकांच्या आडून दुसरंच काही शिजतंय, असा सरकारला संशय. परवानगी दर वर्षी नवी करून घ्यावी लागे, आणि ती आता संपत आली होती. कुणीतरी वर कळवलं होतं, की मस्तगडात एक पुस्तक फिरतंय, त्यात वानरं राज्य करतात. आता ही वानरं म्हणजे कोण, असं विचारलं तर सांगायचं काय? अमीनसाहेबांनी 'भलतं पुस्तक' एवढं लिहिलं, की आमच्या दाराला कुलूप!

लाल आणि निळा बाहेर होते. कपाटात हिरवा तेवढा सापडला. अमीनसाहेब मूळचे बीडकडचे, मराठी वाचायला पक्के. त्यांनी विचारलं, "इसमें आखिर जीतता कौन है? इन्सान या बंदर?"

एरवी या विषयावर मी तासभर बोलत असे. त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, ते... ज्याच्या त्याच्या वाचण्यावर आहे."

"तो पढ़ लेता हूँ," म्हणून ते हिरवा घेऊन गेले.

आणि मग आमच्या ध्यानात आलं. हिरव्याच्या मागं सगळ्यांची मतं होती, नावांसकट! बुवा म्हणू लागले, मी ग्रंथ उघडलाच नव्हता. पाटील हसनाबादेहून खास आले, "मास्तर, माझा तर अंगठा हाय त्याच्यावर!" सतरंजीवर कुणी फिरकेना. रोज यायचे ते एकटे करीमभाई. मला खरंच भीती वाटत होती. स्वतःची होतीच, पण माझ्या त्या ऐटबाज नियमानं या भल्या लोकांना गोत्यात आणलं, याची जास्त.

अमीनसाहेब एका दुपारी परत आले. एकटेच, साध्या कपड्यांत. हिरवा भाग टेबलावर ठेवला. मी उठून उभा राहिलो.

"पहला हिस्सा दीजिए," ते म्हणाले.

लाल आता कपाटात होता. मी तो काढून पुढं केला. आणि इतक्या दिवसांची सवय, जीभ घसरलीच! "साहेब, आधी मत लिहा. मत नाही तर दुसरा भाग नाही."

सतरंजीवर करीमभाईंनी डोळे मिटून घेतले.

अमीनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. पेन्सिल मागितली. हिरव्याची मागची पानं सावकाश वाचली, पाटलांच्या अंगठ्यापाशी जरा थांबले. खाली उर्दूत दोन ओळी लिहिल्या, लाल भाग बगलेत मारला आणि निघून गेले.

मला छापील उर्दू येई, पण साहेबांचं ते धावतं अक्षर लागेना. मी पुस्तक करीमभाईंपुढं सरकवलं. त्यांनी वाचलं :

"सरकार को लिख दिया है, किताब सिर्फ़ बंदरों की है. ख़ुदा मेरा ये झूठ माफ़ करे."

करीमभाईंनी ते मनाशी पुन्हा एकदा वाचलं. "ये कोई देखा तो साहब की नौकरी जाती," म्हणत ते उठून दुकानात गेले, खळीचं भांडं आणि एक कोरा कागद घेऊन आले. कागद त्या पानावर चिकटवला आणि चारी कडा अंगठ्यानं नीट दाबून बसवल्या.