सुमेधने गोळ्या का सोडल्या

मी सुमेधला 'काकू' म्हणालो होतो. वीस-पंचवीस लोकांसमोर.

तो गेला त्याला आज वर्ष झालं. त्याच्याबद्दल मला पहिलं हेच आठवतं.

जर्मनीत गार्चिंगला आम्ही चार वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो. त्याची पीएचडी, माझी नोकरी. मी चहा करायचो, तो भांडी घासायचा, कारण मी घासलेली त्याला कधीच स्वच्छ वाटली नाहीत.

दुसऱ्या वर्षी त्याला बायपोलर निघालं, कधी अतिउत्साह तर कधी पार खचणं. सहा आठवडे क्लिनिक.

गोळ्या सुरू झाल्या आणि खरं सांगतो, माणूस परत आला. झोपायला लागला. थीसिस पुढे सरकला.

मग एका उन्हाळ्यात तो तळ्यावर पोहायला येईना. चौतीस डिग्रीत हुडी.

"काय रे, थंडी वाजते का?"

"वजन वाढलंय जरा."

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी तोच करायचा. सोवळं नेसून, उघड्या अंगाने. आमच्यात दुसऱ्या कोणाला अथर्वशीर्ष धड येत नव्हतं. त्या वर्षी तो कुडता घालून बसला.

मी म्हटलं, "ए, सोवळ्यावर कुडता? काढ तो."

"राहू दे ना."

"काढ रे, नखरे नकोत."

त्याने काढला. उपरणं घट्ट गुंडाळून घेतलं. आरतीचं ताट उचलताना ते घसरलं.

छाती बाईसारखी वाढली होती. सगळ्यांना दिसली.

मला थट्टेची घाणेरडी खोड आहे. तोंडातून गेलं, "काकू, ब्लाउज शिवायला टाका आता."

लोक हसले. तोही हसला. आरती पूर्ण केली, सगळ्यांना प्रसाद वाटला.

नोव्हेंबरात त्याचे प्रोफेसरना दिवसाला तीस-तीस मेल. मग महिनाभर पलंगावरून उठला नाही.

मग गेला. कसा, ते इथे लिहीत नाही.

मी त्याची खोली आवरली. रोज रात्रीच्या गोळीची टिक तो डायरीत करायचा. शेवटची टिक गणपतीच्या आदल्या दिवशीची होती.

सांगलीहून त्याचे दादा आले. त्यांना जर्मन येत नाही, म्हणून त्याच्या डॉक्टरबाईंकडे मी सोबत गेलो.

बाई म्हणाल्या, ह्या गोळीने प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन वाढू शकतं. मग पुरुषांचीही छाती वाढते. अशा वेळी रक्त तपासायचं, डोस कमी करायचा, नाहीतर गोळी बदलायची. त्याने कधी सांगितलंच नाही.

मी एकेक वाक्य दादांना मराठीत सांगितलं. आत काही वाटतच नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही.

(कोणी अशा गोळ्या घेत असेल आणि अंगात काही बदल दिसला, तर लाज सोडा, डॉक्टरांना सांगा. मनाने बंद करू नका.)

दादांनी विचारलं, "मग सांगितलं का नाही रे त्यानं? आणि चांगल्या चाललेल्या गोळ्या मध्येच का सोडल्या?"

मी म्हणालो, "माहीत नाही, दादा."

दादा, तुम्ही ह्या ग्रुपवर आहात, हे वाचाल. आजार मोठा होता, तेवढं मला कळतं. पण गोळ्या का सोडल्या, ते मला तेव्हाही माहीत होतं.

फोन केलात तर उचलेन. काय बोलायचं ते बोला.

सुमेध, चुकलो रे. तुला शेवटचा नमस्कार.