डावीकडची धूम

महिपत गुरव उजव्या कुशीवर गाढ झोपला होता आणि विपुल बाहेरून दार बडवत होता. महिपतला काही ऐकू आलं नाही. त्यानं कूस बदलली आणि एकदम दारावरचे धक्के कानावर आदळले. तो दचकून उठला.

"महिपतभाय, कितना सोता है," विपुल आत येत म्हणाला. "केव्हाचा ठोकतोय. संध्याकाळी परतीची फ्लाइट आहे, आठवतंय ना? राघोभाय खाली गाडी घेऊन थांबलेत."

ते २००६ साल होतं. गणपतीत मॉरिशसच्या मराठी लोकांनी विपुलचा ऑर्केस्ट्रा बोलावला होता. विपुल मुंबईजवळच्या भाईंदरचा, गुजराती घरातला, कीबोर्ड वाजवायचा आणि कार्यक्रम ठरवायचा. महिपत त्याचा ढोलकीवाला. मूळचा रत्नागिरीकडचा, आता भाईंदरातच गोडदेवला चाळीत राहणारा. दिवसा तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करी आणि संध्याकाळी हात धुऊन ढोलकी घेई. लहानपणी गावच्या जाखडी नाचात मामाच्या शेजारी बसून शिकलेला हात होता तो. शाळेत बोट धरून गणित शिकवलं तरी विसरायचा, पण एकदा ऐकलेला ठेका कधी चुकला नाही. पासपोर्ट काढला तो या दौऱ्यासाठीच. येताना विमानात त्यानं ढोलकी खाली ठेवू दिली नव्हती.

दार बडवल्याचं ऐकू कसं आलं नाही, याचा त्यानं फार विचार केला नाही. आदल्या दिवशी सगळे समुद्रात डुंबले होते. कानात पाणी गेलं असेल. त्यानं मान डावीकडे कलती करून एका पायावर उड्या मारल्या. पाणी काही आलं नाही. फक्त आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती, कुकर दूर कुणाच्या तरी घरी लागलेला असावा तशी.

राघो त्यांचा यजमान. त्याचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला आले होते. त्याची मराठी थांबत थांबत यायची, पण शब्द जुने, महिपतच्या आजीच्या तोंडचे. तो महिपतला बाजारात घेऊन गेला. आरोहीसाठी, म्हणजे महिपतच्या मुलीसाठी, शिंपल्यांची माळ घ्यायची होती. माळ घेऊन रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला. महिपतनं उजवीकडे पाहिलं. तिकडे काहीच नव्हतं. तेवढ्यात राघोनं दंडाला धरून त्याला मागे खेचलं आणि डावीकडून आलेली बस अगदी समोरून गेली.

"भाऊ, केवढा वाजवत होता तो," राघो म्हणाला. "तुम्ही उलटीकडे बघत व्हता."

"मला वाटलं तिकडनं येतोय," महिपत म्हणाला. माळेची पुडी मुठीत चुरगळली होती.

दुपारी राघोच्या घरी निरोपाचं जेवण होतं. शेजारपाजारचे जमले. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यांनी शेवटचं एक गाणं मागितलं. विपुलनं पेटी ओढली, महिपतनं ढोलकी मांडीवर घेतली. उजवा हात चाटीवर पडला, ती खणखणीत वाजली. मग डावा हात धूमवर, जाड आवाजाच्या तोंडावर पडला. तळव्याला कातडं लागलं, मांडीला हादरा बसला. आवाज मात्र आला नाही.

त्यानं पुन्हा मारलं, जोरात. समोरच्या बाईनं दचकून पाहिलं, म्हणजे तिला ऐकू आलं होतं. त्याला आलं ते कुणीतरी भिंतीपलीकडे गोणी आपटावी तसं. पेटीचा सूरही दोन ठिकाणांहून येत होता, एक खरा आणि एक किंचित उतरलेला. ठेका कुठे धरायचा ते त्याला कळेना. कडव्याच्या मध्येच त्याचे हात थांबले. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

लोकांना वाटलं, जायच्या वेळी याला भरून आलं. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. विपुलनं पेटीवरच गाणं पुरं केलं. महिपत ढोलकीवर हात ठेवून तसाच बसला. एवढ्या माणसांत त्याला एकच विचार होता, की डाव्या बाजूला जग संपलंय आणि हे कुणाला दिसत नाही.

राघो मात्र त्याच्याकडे बघत होता. लोक पांगल्यावर तो डावीकडून येऊन हळू काहीतरी बोलला. महिपतनं वळूनही पाहिलं नाही. राघोनं मग त्याच्या समोर येऊन विचारलं, "कान?"

महिपतनं मान डोलावली.

राघो त्याला ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून त्याच्या कपाळावर टेकवला आणि आवाज कुठल्या बाजूला येतोय ते विचारलं. तो उजवीकडे येत होता. डॉक्टर त्यांच्या भाषेत राघोशी बराच वेळ बोलले.

"काय म्हणतायत?" महिपतनं विचारलं.

राघोनं शब्द शोधले. "पाणी न्हाय. मळ न्हाय. आतली नस एका राती मेली म्हणतात. का, ते त्यांना पण ठावं न्हाय. गोळ्या देतात. कधी येतो परत कान, कधी येत न्हाय."

"आणि वाजवणं?"

राघोनं हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच नाही.

विमानात विपुल डाव्या बाजूला बसला होता. तो पुढच्या वर्षीच्या दौऱ्याबद्दल काय काय बोलला, त्यातलं महिपतला काही कळलं नाही. तो हं हं करत राहिला.

घरी आल्यावर दोन दिवस त्यानं बायकोला सांगितलं नाही. सुलूच एका संध्याकाळी चहा ठेवून म्हणाली, "मी बोलले की तुम्ही भिंतीकडे बघता. काय झालंय ते सांगा." तेव्हा तो बोलला. ती उठली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा सांगून त्याला भाईंदरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या संपल्या, कान आला नाही. पॉलिशच्या आवाजानं झालं का, असं सुलूनं विचारलं. तशानं असं एका रात्रीत होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे चिडायलाही कुणी उरलं नाही.

विपुलनं पुढच्या दौऱ्याला दुसरा ढोलकीवाला घेतला. सांगायला तो स्वतः घरी आला. "बुरा मत मानना," म्हणाला. महिपतनं वाईट मानलं नाही. त्यानं ढोलकी मात्र माळ्यावर टाकली आणि वर्षभर तिचं नाव काढलं नाही.

मग गोडदेवच्या गाववाल्यांनी जाखडी बसवली. त्यांचा वाजवणारा आजारी पडला, म्हणून ते महिपतकडे आले. तो नको नको म्हणत गेला. गाणाऱ्याला त्यानं उजव्या हाताला बसवलं आणि ढोलकी मांडीत घट्ट आवळून धरली. सुरुवातीला दोनदा ठेका सुटला. नंतर मांडीला बसणाऱ्या हादऱ्यावर त्याचा डावा हात चालायला लागला आणि नाच शेवटपर्यंत गेला.

घरी येताना त्यानं सुलूला विचारलं, "कसं वाजलं?"

"चांगलं वाजलं," ती म्हणाली. "पण पूर्वी तुम्ही डोळे मिटून वाजवायचात. आज सारखं त्या गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होतात."

"बघायला लागतं आता," महिपत म्हणाला.