महालक्ष्म्यांचं पार्सल

आमच्या घरातल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे मातीचे आहेत. भाद्रपदात गव्हानं भरलेल्या कोठ्यांना साड्या नेसवायच्या, वर हे मुखवटे बसवायचे आणि तीन दिवस ज्येष्ठा-कनिष्ठा या दोघी बहिणींचं माहेरपण करायचं. सासूबाई थकल्यावर हा मान मोठी सून म्हणून माझ्याकडे आला आणि मी तो फार जपला. इतका, की मुखवट्यांना दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नाही.

दुसरं कुणी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी मी तिला ट्रंकेतून मुखवटे काढून आणायला सांगितलं होतं. तिनं ते देवघरात आणून ठेवले तेव्हा कनिष्ठेच्या हनुवटीचा तुरीच्या डाळीएवढा टवका उडालेला होता. सासूबाई गप्प राहिल्या. मी राहिले नाही. हाताला काही वळण आहे की नाही, घरी हेच शिकवलं का, असं बरंच काही मी आल्यागेल्यांसमोर बोलले. ती खाली मान घालून उभी राहिली. मुखवटा आहे, एवढ्यानं काही बिघडत नाही, असं गुरुजींनी सांगितल्यावर मी त्या खळग्यात मेण आणि हळद कालवून भरली. तेव्हापासून दरवर्षी भरत आले, आणि दरवर्षी भरताना जावेची आठवण काढत आले. ती आठवण चांगली नसे.

अशी सव्वीस वर्षं गेली. ती यायची, सोळा भाज्या चिरायची, पुरणाचं वाटण एकटी उपसायची, पण मुखवट्यांच्या जवळ कधी आली नाही. मीही बोलावलं नाही.

यंदा माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिने, प्रवास आणि फार वेळ उभं राहणं, सगळ्याला बंदी घातली. मुलगा परदेशात. आषाढात भोपाळहून जावेचा फोन आला. म्हणाली, अक्का, यंदा महालक्ष्म्या मी करते, मुखवटे पाठवून द्या. भावजींचं बायपास झालेलं, त्यामुळे तिला त्यांना सोडून येता येत नव्हतं आणि मला जाता येत नव्हतं. पोस्टानं पाठवणं एवढाच मार्ग उरला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दिवसभर धुसफुसत बसले. मुखवटे वाटेत फुटले तर घराण्याच्या महालक्ष्म्या माझ्या हातून गेल्या असं होणार होतं. आणि नाही फुटले तर तिच्या हातात पडणार होते. खरं सांगायचं तर मला दोन्हीची धास्ती होती.

आमच्या ह्यांना मात्र उत्साह आला. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी घरी आलेलं एकही खोकं टाकून दिलेलं नाही. पलंगाखाली खोक्यात खोकी, त्यांच्या आत थर्माकोल, फुग्यांचं प्लास्टिक, दोऱ्यांचे गुंडे. कधीतरी लागेल म्हणून. मी त्यावरून अनेकदा चिडले आहे. ह्यांनी सगळा संसार बाहेर काढून माझ्यासमोर मांडला आणि म्हणाले, निवड.

मला त्यातलं काहीच नको होतं. वर्तमानपत्र म्हणजे खून, दरोडे आणि टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिराती. ते काय देवीच्या तोंडाला गुंडाळायचं? प्लास्टिक तर सोवळ्यात बसतच नाही. आमच्याकडे एक रीत आहे. वर्षभर दोघींना एकाच रेशमी वस्त्रात, समोरासमोर तोंडं करून ठेवायचं. बहिणी आहेत, त्यांची ताटातूट करायची नाही. वर्षभर एकमेकींशी बोलत राहू द्यायचं. मी त्याच रीतीनं त्यांना सासूबाईंच्या सोवळ्याच्या रेशमात बांधलं, खोक्यात ठेवलं आणि वरून दोन रेशमी खण कोंबले.

ह्यांना ते पटेना. जाणकाराला दाखवू म्हणाले. मलकपेठेत चिनी मातीच्या भांड्यांचं एक दुकान आहे, तिथे मागच्या बाजूला एक वयस्क गृहस्थ बसून कपबशा बांधतात. गावोगावी जाणारा माल त्यांच्याच हातचा. रिक्षातून खोकं मांडीवर घेऊन, काठी टेकत मी तिथे पोचले. आत काय आहे ते सांगितलं. त्यांनी खोकं उघडलं नाही. दोन्ही हातांनी उचललं, कानाशी नेलं आणि हळूच हलवलं.

टक्.

"आवाज आया तो अंदर कुछ चल रा, अम्मा," ते म्हणाले. "तुमेच निकालो. मैं हात नै लगाता."

मी गाठ सोडली. दोघी समोरासमोर होत्या, पण मी ठेवल्या तशा नव्हत्या. रेशमावरून सरकून ज्येष्ठेचं नाक कनिष्ठेच्या हनुवटीवर आलं होतं. बरोब्बर त्या खळग्यावर. माझं मेण दबलं होतं आणि त्याचा पिवळा कण ज्येष्ठेच्या नाकाच्या शेंड्याला चिकटला होता. त्या शेंड्यावरचा रंग कित्येक वर्षांपासून गेलेला आहे. जुने मुखवटे, रंग जायचाच, असं मी धरून चालले होते.

मी त्यांना परत नीट लावलं आणि वस्त्रासकट जरा कलतं केलं. नाक सरकत पुन्हा तिथेच येऊन बसलं.

मग मला आठवलं. ज्या वर्षी मी जावेला बोलले, त्याच वर्षी आम्ही शहरातल्या शहरात तारनाक्याहून हिमायतनगरला बिऱ्हाड हलवलं होतं. मुखवट्यांची ट्रंक टेम्पोतून आली होती, पाट्यावरवंट्याच्या शेजारी, सगळ्या खड्ड्यांतून. ती ट्रंक मी भरली होती. दोघींना रेशमात मीच बांधलं होतं. जावेनं फक्त उघडलं.

मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. ह्यांना वाटलं गुडघे दुखले. लाज वाटते म्हणून बसले, असं भर दुकानात कसं सांगणार?

त्या गृहस्थांनी मात्र आपलं काम सुरू केलं होतं. रेशीम बाजूला ठेवायला सांगितलं. "रेशम फिसलता, अम्मा. सूती पकडके रखता." मी म्हटलं, सुती चालेल, पण दोघींना वेगळं करता येणार नाही, बहिणी आहेत. त्यांनी थोडा विचार केला.

"बहनां है तो एक घर में रहने देव," ते म्हणाले. "बीच में दीवार डालो बस. पास रहना, टकराना नक्को."

घरी येऊन आम्ही दोन दिवस खपलो. सासूबाईंचं धुवून धुवून मऊ झालेलं सुती लुगडं फाडलं. प्रत्येकीला त्याचे तीन वेढे. मुखवट्यांच्या पोकळ पाठीत त्याच लुगड्याचे बोळे. त्यावर फुग्यांचं प्लास्टिक, फुगे आतल्या बाजूला. देवीला सूत लागतंय, प्लास्टिक लागत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. एकाच खोक्यात मधोमध नळीदार पुठ्ठ्याची दुहेरी भिंत, अलीकडे ज्येष्ठा, पलीकडे कनिष्ठा. ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी चार बोटं चुरगाळलेला कोरा कागद. थर्माकोलच्या गोळ्या ह्यांनी फार सुचवल्या, पण त्या हादऱ्यांनी खाली बसतात आणि वर जागा मोकळी होते, असं मलकपेठेतून बजावून पाठवलं होतं. हे थोडे हिरमुसले. टेप लावण्याआधी मी खोकं कानाशी धरून हलवलं. काही वाजलं नाही. ह्यांच्याकडून हलवून घेतलं, तरी नाही.

तरीही मी टेप लावू दिली नाही. कागद घेतला आणि लिहिलं: "हनुवटी तुझ्या हातून फुटली नव्हती. ट्रंक मी बांधली होती, माझ्याच बांधण्यानं फुटली. मी तुला बोलले ते चुकलं." चिठ्ठी अगदी वर ठेवली, उघडल्यावर पहिली दिसेल अशी. मग म्हटलं, लावा टेप.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पोस्टाच्या नंबरावरून खोकं कुठवर गेलं ते हे मोबाइलवर बघायचे आणि नागपूर, इटारसी असं मोठ्यानं सांगायचे. नवव्या दिवशी दुपारी जावेचा फोन आला. दोघी सुखरूप पोचल्या, म्हणाली. कुठे ओरखडासुद्धा नाही. बांधणी फार छान होती, उघडायलाच तास लागला.

मीच विचारलं, चिठ्ठी वाचलीस का?

"वाचली," ती म्हणाली. "अक्का, मला ठाऊक होतं. मी वस्त्र सोडलं तेव्हा टवका आतच पडलेला होता."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तुम्ही बोलायचं थांबलाच नाहीत."

तिनंच मग पुढे सांगितलं, की तो टवका तिच्याजवळ आहे. देवीचा म्हणून टाकवला नाही. कापसात गुंडाळून कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवला होता, भोपाळला येतानाही बरोबर आणला. आज सकाळी काढून हनुवटीला लावून पाहिला. अजून तंतोतंत बसतो.

"चिकटवू का?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस," मी म्हटलं. "आता त्या तुझ्या."

"त्याआधी तुमचं मेण काढावं लागेल, अक्का."

"काढ," मी म्हटलं.