तळहातावरची खडूची रेघ

टेलरबाईंना आताशा बसल्या जागी झोप यायची. काम थोडंच होतं? पूर्वीच्या निम्मंही राहिलं नव्हतं. पण आपलाच उजवा हात परक्यासारखा वागवत दिवस काढायचे म्हणजे माणूस पार पिचून जातं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. चिमटीत कापडाचा एक पदर आलाय की दोन, ते कळायचं नाही. परवा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सॅटिनवर लाल ठिपके दिसले, तेव्हा कुठे बाईंना समजलं की सुई बोटात शिरली आहे. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तोही डावाच.

त्याचं झालं असं. उन्हाळ्यात एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, जीव गुदमरतोय माझा. उघड ना ती मेली खिडकी!" खिडकी अडकलेली. बाईंनी जोर लावला, काच फुटली आणि मनगट कापलं. बोटांची जाणीव आणणारा मज्जातंतूच तुटला. डॉक्टरबाईंनी तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये एक बारीक नळी बसवली.

"ही वाकली की हिच्यात आपोआप इवलीशी वीज तयार होते," त्यांनी सांगितलं. "तार नको, बॅटरी नको. त्या विजेच्या आधाराने तंतू नळीतून पुढे वाढतो. काम झालं की नळी विरघळून जाते. पण मनगट हलवत राहायला हवं. नळी वाकलीच नाही तर वीज कुठून येणार?"

"म्हणजे वीज घरची आणि बिल नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या अवस्थेतही टेलरबाईंना हसू आलं.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सासूबाई सुनेचा हात मांडीवर घेऊन मनगट वाकवत बसायच्या. त्यांची स्वतःची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, डोळ्यांना धूसर दिसायचं, पण हे काम दुसऱ्या कुणाला करू देतील तर शपथ! आणि दुसरं होतं तरी कोण? मुलगा कायम ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. मनगट वाकवून झालं की त्या तळहाताच्या दिशेने हलक्या टिचक्या मारत जायच्या. टिचकीसरशी जिथून बोटांकडे झिणझिण्या धावतील, तिथवर तंतू पोचला, असं डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं.

"इथे?"

"थोडं पुढे."

"इथे?"

"हं, इथे."

मग तिथे शिवणाच्या खडूने एक रेघ.

सुरुवातीला रेघ सरकत गेली आणि तळहाताच्या बुडाशी येऊन अडली. आठवडाभर हलेना. सासूबाईंचं जेवण तुटलं. "माझंच मेलीचं तोंड वाईट. खिडकी म्हणे!" एवढंच घोकत बसायच्या. टेलरबाईंना ते बघवेना. एका संध्याकाळी टिचकी जरा पुढे पडली, काहीच जाणवलं नाही, आणि त्या म्हणाल्या, "हं, इथे." सासूबाईंनी त्या रात्री दोन घास जास्त खाल्ले. खडू काय, सकाळपर्यंत पुसला जायचा. पडताळून बघणार कोण? रेघ मजल दरमजल करत बोटांच्या मुळाशी पोचली. सासूबाई खुलल्या आणि टेलरबाई आतून खचत गेल्या. तीच थाप रोज मारायची, तीही इतक्या मायेने हात धरणाऱ्या माणसाला! त्या थकव्याला औषध नव्हतं.

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं: तंतू वाढत असेल तर धीर धरायचा, अडला असेल तर वेळेत पुन्हा उघडून बघायचं, नाहीतर अंगठ्याचे स्नायू कायमचे जातील. सगळं माहीत असून टेलरबाई तोंडात गुळणी धरून बसल्या होत्या.

सासूबाईंनी सुनेचा हात उचलून टेबलावर ठेवला. "बघा डॉक्टर, बोटांच्या मुळापर्यंत आलंय. आता पुन्हा कापायला नको ना?"

"अरे वा! असं असेल तर काहीच करायला नको."

टेलरबाईंनी डाव्या हाताचं बोट तळहाताच्या बुडाशी टेकवलं. "खोटं आहे ते," त्या एकदम बोलून गेल्या. "मीच रेघ पुढे नेली. ते कधीचं इथेच अडलंय."

डॉक्टरबाईंनी टिचक्या मारून बघितलं. मान हलवली. "पुन्हा उघडावं लागेल. पण आज बोललात ते बरं केलंत. अजून वेळ गेलेली नाही."

बाहेर बाकावर बसल्यावर टेलरबाईंची मान वर होईना. "आई, रागावलात?"

"मग काय करू? खरं होतं तेव्हा टिचकी मारली की तुझा हात माझ्या हातात दचकायचा. नंतर नुसता पडून राहायचा, आणि तुझं आपलं 'इथे, इथे'. मला दिसत नाही गं, पण हाताला कळतं."

"मग बोलला का नाहीत? आणि आत तसं का सांगितलंत?"

"घरात विचारलं असतं तर आणखी एक थाप मारली असतीस. डॉक्टरांसमोर तुला ते जमायचं नाही, हे ठाऊक होतं मला." सासूबाई सुनेकडे वळल्या. "खिडकी उघडायला मीच सांगितलं, ते काही पुसलं जायचं नाही. पण माझं मन राखायला तू हात घालवणार होतीस? मग मी कुणाकडे बघून जगायचं?"

टेलरबाई ओक्साबोक्शी रडल्या. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. सासूबाईंनी त्यांचा हात मांडीवर ओढला आणि तिथेच मनगट वाकवायला सुरुवात केली. मग टिचकी मारली.

"इथे?"

"नाही. मागे."

"इथे?"

हात दचकला. सासूबाईंनी पिशवीतून खडू काढला आणि जुन्याच जागी रेघ ओढली. "असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या परत बघू."