रोवण्याची पहिली जुडी

मला माझ्या भावजयीचा हेवा वाटतो. आधी वाटायचा आणि आता निवळला, असं काही नाही. वाटतो. आज सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालताना गुणगुणत होती, तर तिच्याकडे पाहून मी पायातली चप्पल उगाच जोरात आपटली. खोटं कशाला बोलू?

आमचं गाव रामटेकच्या अलीकडे. शेतात उभं राहिलं की गडावरचं राममंदिर दिसतं. धानाची शेती. कालव्याला पाणी सुटलं किंवा आषाढात झड लागली की रोवणा सुरू होतो, म्हणजे रोपवाटिकेतले धानाचे पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांधीत, बांध घातलेल्या खाचरात, लावायचे. दहा-बारा बाया एका रांगेत कमरेत वाकतात आणि रोवत रोवत मागं सरकतात. डोक्यावरून खताच्या रिकाम्या थैलीची खोळ. पाठीमागून पाहिलं तर कोण कोणाची बायको, देवालाही ओळखू येणार नाही.

आमच्या रोवण्यात गाणं लागतंच. हौस म्हणून नाही, हाताला ताल हवा म्हणून. गाणं धरणारी, म्हणजे पुढची बाई ओळ म्हणते, बाकीच्या झेलतात, आणि ओळीच्या शेवटच्या ‘वं’वर सगळ्यांचे हात एकदम चिखलात जातात. गाणं संथ असलं की रोप नीट दाबून बसतं. पुढची बाई घाईत म्हणाली तर रांगच्या रांग घाईत रोवते. म्हणून हे पुढचं गाणं, ओळ धरण्याचा मान, कोणाकडेही देत नाहीत. गावात कितीतरी वर्षं ते माझ्या मायकडे होतं. आमचं घरच गाण्याचं. बाप होता तोवर मारुतीच्या देवळात शनिवारी खंजिरी वाजवायचा, भाऊ ढोलक वाजवतो, आणि मी दहा वर्षांची असल्यापासून मायच्या उजव्या हाताला उभी राहून तिची ओळ झेलत आलेली. लग्न झालं तेही गावातच, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे रोवणा चुकला नाही आणि मायची उजवी बाजूही सुटली नाही.

आणि इतक्या वर्षांत माय मला एकदाही ‘चांगली गातेस’ म्हणाली नाही. एकदाही नाही! मी लहान असताना एकदा शेजारीण म्हणाली, “बाप्पा, काय गोड गळा आहे वं पोरीचा!” तर माय पचकन थुंकली अन् म्हणाली, “कुठचा गोड? बेडकावानी आवाज आहे तिचा.” तेव्हापासून तेच. कोणी माझं नाव काढलं की बेडूक. मायचा स्वभावच तसा, म्हणून मी सोडून द्यायची. धानाचंही ती तसंच करते. पीक कमरेएवढं उभं आहे, लोंब्या वाकल्या आहेत, आणि व्यापारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून म्हणाला, “बाई, औंदा मस्त आहे न धान,” की ही तोंड वाकडं करून म्हणणार, “कायचं मस्त? सारं पोचट आहे.” आपल्या पिकाला आपण चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे तिचं शास्त्र. तो व्यापारीही हसून मान हलवतो, कारण त्याची मायसुद्धा तेच म्हणत असणार.

तीन वर्षांपूर्वी मायचे गुडघे गेले. चिखलात उभं राहणं बंद. त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं. पोरगी नागपूरची, प्रताप नगरात वाढलेली. धान आणि गवत शेजारी ठेवलं तर तिला फरक कळत नव्हता. पण गळा होता, हे मला मान्य करावं लागतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवळात तिनं एक अभंग म्हटला आणि म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी तेवढी मान न डोलावता बसले होते.

आमच्याकडे रोवण्याच्या पहिल्या दिवशी बांधीच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. मग घरातली मोठी बाई पऱ्ह्याची पहिली जुडी हातात घेते, गडाकडे तोंड करून कपाळाला लावते आणि पुढचं गाणं जिचं असेल तिच्या हातात देते. त्या वर्षी मायला रोवायचं नव्हतं. मग जुडी कोणाला? मला तर विचारसुद्धा पडला नव्हता. मी पदर खोचून, साडी गुडघ्यापर्यंत घेऊन, चिखलात उतरून उभी होते. हात अर्धा पुढंही केला होता.

मायनं जुडी सुनेला दिली.

माझा हात तसाच पुढं राहिला. मी मग तो मागं घेऊन खोळ सारखी करायला लागले. मायनं तेवढं पाहिलं आणि म्हणाली, “तू तं दिल्या घरची पोरी. जुडी घरच्या सुनेची.” झालं. इतकंच. तीस वर्षं झेललेल्या ओळी त्या एका वाक्यात वाहून गेल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मंग बरोबरच आहे न.” त्याला त्या रात्री भाजीत मीठ मिळालं नाही.

आणि त्या सुनेनं पहिल्याच दिवशी काय केलं? वरातीतलं वाटावं अशा चालीत गाणं धरलं. धिनतक धिनतक! बाया हसायला लागल्या, हात पळायला लागले, दुपारच्या भाकरीच्या आत दीड बांधी रोवून झाली. भाऊ खूश. मी मायकडे पाहत होते, पण मायनं तिला टोकलं नाही. रात्री पाऊस आला आणि सकाळी जाऊन पाहतो तर अर्धे पऱ्हे निघून पाण्यावर तरंगत होते. घाईत वरवर खोचलेले, ते कशाला चिखलात थांबतात? मी मनातल्या मनात नारळ फोडला. आता हिची जिरली, आता जुडी इकडे येणार.

तर माय हसली. पोट धरून हसली! “जाऊ दे वं सूनबाई, शहराची आहेस तू. पुन्हा रोवू.” मी अशी चूक केली असती तर मायनं मला त्याच बांधीत रोवलं असतं. वर तिनं काय सांगावं सुनेला? “हिच्या बाजूले उभी राह्य. हिच्या हाताकडं पाहून गाणं म्हण. हिचा हात खाली गेला की ओळ संपव.” म्हणजे गाणार ती, आणि मी तिचं घड्याळ! पण मी उभी राहिले. रोवणा मायचा होता, आणि धान काय माझ्या रागाची वाट पाहत थांबणार होतं?

पुढं ती शिकली. माझ्या हाताकडे पाहून पाहून शिकली, आणि दुसऱ्या वर्षी तर तिचं गाणं बरोबर चिखलात बसायला लागलं. माय धुऱ्यावर छत्री घेऊन बसायची आणि तिथून ओरडायची, “वा वं सूनबाई!” प्रत्येक ‘वा’ माझ्या पाठीत टोचायचा. भावानं मोबाइलवर तिचं गाणं काढलं. ते गावभर फिरलं, काटोलच्या मावसबहिणीपर्यंत पोचलं. तिनं मला फोन करून विचारलं, “अवं, ती गाणारी कोण? किती मस्त गाऊन राहिली! तू नव्हती का तिथं?” मी होते. त्या व्हिडिओत माझी पाठ होती, युरियाच्या थैलीखाली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माझ्यासाठीच.

एक मात्र सांगते. ती वाईट नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! चहा मला आधी देते. माझ्या पायाला चिखल्या झाल्या तर स्वतः हळद-तेल लावून देते. अशा बाईवर जळायचं म्हणजे जळणाऱ्यालाच लाज. तरी मी जळत होतेच, आणि मला एकच गोष्ट हवी होती. जुडी नको, व्हिडिओ नको. धुऱ्यावरून एक ‘वा’. मायला आता मोतीबिंदू झालाय, ऑपरेशनला ती नाही म्हणते, गडावरच्या रामाच्या भरवशावर बसली आहे. डोळे गेले, गुडघे गेले. ती आणखी किती रोवणे धुऱ्यावर बसणार आहे, हे मला दिसत होतं. तो ‘वा’ राहून गेला तर राहूनच जाणार होता.

यंदाच्या रोवण्याच्या आदल्या दिवशी भावजय गडावर भजनाला गेली आणि भिजून आली. सकाळी तिचा घसा पार बसलेला. माय पहाटेच भावाच्या गाडीवर बसून शेतात गेली होती, तिला काही पत्ता नाही. झड लागलेली, खोळीवर पाऊस तडतडत होता. नारळ फुटला. मायनं जुडी कपाळाला लावली, गडाकडे अंदाजानंच तोंड केलं, कारण त्या पावसात गड डोळसालाही दिसत नव्हता, आणि हात पुढं केला. भावजयीनं जुडी घेतली, वाकून नमस्कार केला, तोंडातून शब्द नाही. मग ती बांधीत उतरली, माझ्यापाशी आली आणि जुडी माझ्या हातात कोंबली. गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

“मी नाही,” मी म्हटलं. मला उसनं कशाला हवं होतं? पण बाया वाकून उभ्या, पाणी वाढत होतं, आणि पुढं ओळ नसेल तर रांग हलत नाही. मी पहिली जुडी सोडली, चिखलात दोन बोटं खोल दाबली आणि ओळ धरली. आमच्या घरचंच गाणं, मायचं:

“बांधी माही उघडी वं,
तिले हिरवी लुगडी वं...”

मागून बायांनी झेललं. तीस वर्षं मी जिथून झेलत होते तिथून आता दुसऱ्या कोणी झेलत होत्या, आणि माझा आवाज एकटाच पुढं जात होता. आधी थोडा कापला. दुसऱ्या कडव्याला बसला. हात आपोआप खाली जात होते, माझे आणि सगळ्यांचे. मी गडाकडे, मायकडे, कुणाकडेच पाहिलं नाही. चौथ्या कडव्यानंतर धुऱ्यावरून माय ओरडली.

“वा वं सूनबाई, वा!”

हीच वेळ राहिली होती! गाणार मी आणि ‘वा’ तिला. मी ओळ अर्धी सोडून सरळ उभी राहिले. पण मायचं संपलं नव्हतं.

“आज लागला सूर! आज हुबेहूब माह्या पोरीवानी म्हणून राहिली तू. किती दिवसांपासून सांगून राहिली तुले, माह्या पोरीवानी म्हण, माह्या पोरीवानी म्हण. आता जमलं पाह्य!”

रांगेतली एक बाई फिसकन हसली. मी भावजयीकडे पाहिलं. ती वाकलेलीच होती. तशीच बसक्या, खरखरीत आवाजात म्हणाली, “तीन वर्षं झाले ताई, हेच ऐकून राहिली मी. वा म्हणतात, अन् घरी गेलं की सुरू. पोरीवानी नाही झालं, पोरीचा हात पाहा, पोरीचा दम पाहा. किती जळते मी तुमच्यावर, माहीत आहे?”

नाकातून पाणी गळत होतं. मेली ही माझ्यावर जळते! आणि मी तीन वर्षं हिच्या हातचा चहा पिऊन हिच्यावर.

“काहून थांबली वं?” माय ओरडली. “म्हण न पुढं!”

“माय,” मी जोरात म्हटलं, “सूनबाईचा घसा बसला. मी आहे.”

माय छत्रीखाली तोंड वर करून बसली होती, मी कुठं आहे ते त्या डोळ्यांनी शोधत. मग तिनं घाईघाईनं छत्री बाजूला केली, उजवीकडे थुंकली, डावीकडे थुंकली, पुन्हा एकदा उजवीकडे थुंकली.

“तू होय?” ती म्हणाली. “तरी म्हटलं, बेडकावानी कोण ओरडून राहिलं! चाल, हात चालव. रांग मागं पडून राहिली.”

लोंब्यांनी वाकलेल्या धानापाशी उभी राहून ‘सारं पोचट आहे’ म्हणते, तोच आवाज. इतकी वर्षं ऐकत होते मी तो, व्यापाऱ्याला कळायचा, मला नाही.

मी वाकले आणि पुढची ओळ धरली. शेजारी भावजय फाटक्या गळ्यानं झेलायला लागली. तिची ओळ मागं राहत होती, सूर फाटत होता, पण हात माझ्या हाताबरोबर खाली जात होता, दोन बोटं, नीट दाबून. कडवं संपल्यावर मी पचकन बाजूला थुंकले.

“बेडकावानी आवाज आहे वं तुहा,” मी तिला म्हटलं.